लुंबिनीचं तिसरं वर्ष

लुंबिनी मेश्रामची आणि माझी ओळख विरजणावरून झाली. माझ्या नवऱ्याची, दिलीपची, बदली झाली म्हणून आम्ही १९९४च्या जूनमध्ये पुण्याहून दिल्लीला आलो. लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टर मिळालं आणि समोरच्या दारावर मराठी आडनाव दिसलं, म्हणून मी वाटी घेऊन गेले. सोळा वर्षांच्या एका उंच, किडकिडीत मुलीनं दार उघडलं. मी विरजण मागितलं तर ती गोंधळली, आणि मग आत वळून म्हणाली, "आई, या काकूंना जामन हवंय बहुतेक." तिचा जन्म दिल्लीचा आणि शाळाही दिल्लीची. घरात मराठी बोलायची, पण असे कितीतरी शब्द तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते. त्याचं तिला काही वाटत नसे. नवा शब्द कानावर पडला की तो दोनदा म्हणून बघायची.

मेश्राम मूळचे भंडारा जिल्ह्यातले, पवनीजवळच्या एका खेड्यातले. लुंबिनीचे वडील राजारामभाऊ एका केंद्रीय खात्यात सेक्शन ऑफिसर होते. त्यांना गणितात एम. ए. करायचं होतं, पण पाठच्या भावंडांची शिक्षणं आली आणि ते राहून गेलं. मोठा मुलगा संघपाल डिप्लोमा करून मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात लागला होता. घरातल्या सगळ्या आशा होत्या त्या लुंबिनीवर. बैठकीच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती आणि तिच्याखाली लुंबिनीचं अभ्यासाचं टेबल. त्या टेबलावर कुणी चहाचा कपसुद्धा ठेवत नसे. बारावीला गणितात तिला शहाण्णव मार्क पडले, तेव्हा कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्राच्या अतिथीगृहात झालेल्या कार्यक्रमात तिचा सत्कार झाला. राजारामभाऊ त्या दिवशी सकाळपासून कोट घालून बसले होते.

१९९६ साली तिनं संख्याशास्त्र घेऊन बी. एस्सी. ऑनर्सला प्रवेश घेतला. कॉलेज साउथ कॅम्पसच्या बाजूला होतं, रिंगरोडवरून मुद्रिका बसनं जेमतेम अर्धा तास. तीन वर्षांत पदवी, मग एम. एस्सी., मग केंद्र सरकारच्या सांख्यिकी सेवेची परीक्षा, असं बापलेकीचं ठरलेलं होतं. तेव्हा दिल्लीत सगळीकडेच पुढच्या पाच वर्षांचे बेत चालले होते. कॉलनीतल्या प्रत्येक घरात कुणीतरी नोएडात नाहीतर गाझियाबादच्या बाजूला फ्लॅट बुक केलेला, कुणाचा तरी मुलगा गुडगावच्या परदेशी कंपनीत मुलाखतीला गेलेला. मेश्रामांनीही गाझियाबादजवळच्या वसुंधरात एका सोसायटीत नाव घातलं होतं. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागणार होतं ना.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला लुंबिनीची आई, नंदाताई, माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "ताई, पोरगी डबा तसाच वापस आणते जी. विचारलं तर भूक नाही म्हणते." मी म्हटलं, नवं कॉलेज आहे, कँटीनमध्ये खात असेल. मला खरोखर तसंच वाटलं होतं.

खरं काय होतं, ते तिनं मला पुढे कधीतरी सांगितलं. ऑगस्टपासूनच तिला दिवसातून सात-आठ वेळा जावं लागत होतं. सुरुवातीला नुसती आव, मग रक्त. बसमध्ये कळ आली की पुढच्या स्टॉपपर्यंत धीर धरवत नसे. म्हणून सकाळी ती काहीच न खाता निघायची. रस्त्यात कुठे कुठे जाता येईल ते तिनं पाठ करून ठेवलं होतं: भिकाजी कामा प्लेसच्या एका इमारतीत तळमजल्यावर, मोतीबागच्या पेट्रोलपंपामागे, धौला कुआँला मात्र कुठेच नाही. कॉलेजात मुलींसाठी दोन संडास होते, त्यातल्या एकाला कायम कुलूप. दुसऱ्यापुढे रांग असे. रांगेत उभ्या मुलींना "प्लीज, पहले मुझे जाने दो" असं रोज तरी किती दिवस म्हणणार? तिनं दुपारचे तास सोडायला सुरुवात केली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चार महिने आवेच्या गोळ्या दिल्या. नंदाताईंनी बेलफळाचा मुरंबा दिला, ताक दिलं, डाळिंबाच्या सालीचं पाणी दिलं. मी पुण्याहून कुटजारिष्ट मागवून दिलं. मार्चमध्ये ती बाथरूममध्येच चक्कर येऊन पडली, तेव्हा मोठ्या रुग्णालयात नेलं. नळी घालून तपासलं आणि नाव कळलं: अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात. कशानं, ते नक्की माहीत नाही. राजारामभाऊंनी डॉक्टरांना विचारलं, कधीपर्यंत बरं होईल? डॉक्टर म्हणाले, हा आजार जात नाही, दाबून ठेवायचा असतो. भाऊ घरी आले आणि ते वाक्य त्यांनी आम्हाला जसंच्या तसं सांगितलं, ऑफिसातला आदेश वाचून दाखवावा तसं.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ती एकदम सुधारली. पहिल्या वर्षाची परीक्षा तिनं दिली आणि वर्गात चौथी आली. पण गोळ्यांनी तिचा चेहरा पुरीसारखा फुगला आणि गालांवर लव आली. अठरा-एकोणीस वर्षांची पोर ती. आरशावर तिनं ओढणी टाकून ठेवली होती. गोळ्या कमी केल्या की रक्त सुरू व्हायचं आणि वाढवल्या की चेहरा सुजायचा. तिनं या चढउताराचा आलेखही काढला होता, तारखा घालून. डॉक्टरांनी तो बघितला, छान काढलाय म्हणाले आणि केसपेपरला जोडून टाकला.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर, १९९८च्या जानेवारीत, गोळ्यांनीही दाद देणं सोडलं. दिवसातून वीस-वीस वेळा. वजन छत्तीस किलोवर आलं. रुग्णालयात भरती केल्यावर पाचव्या दिवशी ताप चढला, पोट फुगलं, आणि सर्जननी सांगितलं की मोठं आतडं काढावं लागेल, लगेच, नाहीतर ते फुटेल. लहान आतड्याचं टोक पोटावर उजवीकडे बाहेर काढायचं आणि त्यावर पिशवी लावायची. साधारण वर्षभरानं दुसरं ऑपरेशन करून आतल्या आत नवी सोय करता येईल आणि पिशवी जाईल. मुलगी सज्ञान आहे, तेव्हा सही तिचीच लागेल.

मी तेव्हा तिथेच होते. लुंबिनीनं कागद हातात घेतला, पूर्ण वाचला आणि विचारलं, "सर, एप्रिल में सेकंड इयर के पेपर हैं। दे पाऊँगी?"

सर्जन वयस्क होते. ते म्हणाले, "बेटा, पहले एप्रिल तक पहुँचना है।"

तिनं सही केली. संघपाल आणि त्याच्या कारखान्यातले चौघे जण रक्त द्यायला शिफ्ट सोडून आले होते.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर दोन दिवस तिनं पांघरूण बाजूला करून पोटाकडे बघितलं नाही. सिस्टर मीनाक्षी म्हणून केरळच्या एक नर्स होत्या, त्यांनी तिसऱ्या दिवशी पडदा ओढला, तिच्या हातात आरसा दिला आणि पिशवी कशी बदलायची ते दाखवलं. कातडं कोमट पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं, पेस्ट लावायची, भोक बरोबर मापाचं कापायचं. माप चुकलं तर बाजूचं कातडं जळतं. नंदाताई शेजारी उभ्या होत्या. पोरीच्या पोटावरचं ते लालभडक, ओलं तोंड बघून त्या बाहेर गेल्या आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या. मी त्यांच्याजवळ बसले. त्या एवढंच म्हणाल्या, की इतकं मोठं दुखणं आणि मी तिला डाळिंबाच्या साली उकळून देत बसले.

पिशव्या तेव्हा सहज मिळत नसत. रुग्णालयासमोरच्या दोनच दुकानांत यायच्या आणि त्याही कधी यायच्या, कधी नाही. म्हणून एकच पिशवी धुऊन पुन्हा वापरायची. मेश्रामांच्या मागच्या बाल्कनीत आत, दोन टॉवेलांच्या मध्ये, ती वाळत असे. बाहेरून कुणाला दिसू नये म्हणून. मला दिसत होती. मी बघितलं नाही असं दाखवायची आणि नंदाताई मला दिसलं नाही असं धरून चालायच्या.

कॉलेजात हजेरी भरत नव्हती. राजारामभाऊ रुग्णालयाची सगळी कागदपत्रं घेऊन तीनदा जाऊन आले. कारकून म्हणे, सवलत आहे, पण इतकी नाही. शेवटी तिच्या प्राध्यापिका सुनीती मॅडम स्वतः प्राचार्यांकडे गेल्या आणि तिला परीक्षेला बसू दिलं. मॅडमनी तिला फोनवर एवढंच सांगितलं की नुसती पास हो, बाकी पुढच्या वर्षी बघू.

एप्रिलमध्ये तिच्याबरोबर रोज एक जण केंद्रावर जात असे, कधी नंदाताई, कधी मी. पहिले दोन पेपर बरे गेले. तिसऱ्या दिवशी उकाडा भयंकर होता. घामानं कातड्यावरची पेस्ट सुटली आणि पेपर संपायला चाळीस मिनिटं असताना पिशवी एका बाजूनं गळायला लागली. तिनं हात वर करून बाहेर जायची परवानगी मागितली. पर्यवेक्षिका म्हणाल्या, आता गेलीस तर परत आत येता येणार नाही. त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. त्यांना काय माहीत? आणि सगळ्या वर्गासमोर लुंबिनी सांगणार तरी काय? ती पुन्हा लिहू लागली. शेजारच्या दोन मुलींनी नाकाला रुमाल लावला, मग त्यातली एक बाक सरकवून बसली.

घंटा झाली, मुलं बाहेर पडली. ती येईना म्हणून मी आत गेले. रिकाम्या हॉलमध्ये ती एकटी बसली होती. कुर्ता एका बाजूनं भिजलेला, हात मांडीवर. मी माझी शाल तिच्या कमरेला गुंडाळली. ती उठली आणि म्हणाली, "काकू, सातवा प्रश्न राहिला. येत होता मला."

ती पास झाली. पहिला वर्ग हुकला.

तिसरं वर्ष सुरू झालं तेव्हा मात्र ती खूपच बरी होती. रक्त नाही, कळा नाहीत, स्टेरॉइड नाही. चेहरा पूर्वीसारखा झाला, वजन वाढलं. सैल कुर्ते घालून कॉलेजात जायची, दुपारपर्यंत पूर्ण तास करायची. एवढंच, की कुणाच्या फार जवळ बसायची नाही, आणि सहल, मुक्काम, मैत्रिणीकडे राहणं, हे सगळं बंद. मयुरा, माझी मुलगी, तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. तिला ती संध्याकाळी गणित शिकवायची. एकदा मयुरानं सहज विचारलं की दीदी, तू लग्न करणार का? लुंबिनी म्हणाली, आधी हे काढून टाकू दे, मग बघते. त्या दिवसांत ती पुढचं सगळं असंच बोलायची. आधी हे काढू दे.

दुसऱ्या ऑपरेशनची यादी लांब होती. अकरा महिने वाट बघितल्यावर १९९९च्या मार्चमध्ये तारीख मिळाली: १९ एप्रिल, आठवडाभर आधी भरती. आणि तिसऱ्या वर्षाची परीक्षा १२ एप्रिलपासून.

राजारामभाऊ तारीख बदलून मागायला गेले. तिथल्या बाईंनी रजिस्टर उलटं फिरवून त्यांना दाखवलं. पुढची रिकामी जागा ऑक्टोबरच्या शेवटी होती, तीही नक्की नाही. कॉलेजात सुनीती मॅडम म्हणाल्या, परीक्षा विद्यापीठाची असते, तिथे माझा इलाज नाही. घरात चार दिवस खलबतं झाली. भाऊ म्हणत, पदवी हातात आली की मग पुढे काहीही होवो, पाया पक्का राहतो. नंदाताई म्हणत, शरीरच नाही तर पदवी घेऊन काय चुलीत घालायची? संघपाल म्हणाला, तिला ठरवू द्या. आणि ती काही ठरवत नव्हती. पुस्तकं उघडी ठेवून टेबलाशी बसून राहायची.

पाचव्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली. स्वयंपाकघरात स्टुलावर बसली आणि विचारलं, "काकू, तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा."

मी म्हटलं, "मी ऑपरेशन करून घेतलं असतं. परीक्षा दरवर्षी येते."

हे मी विचार करून बोलले होते. आजही मला दुसरं काही सुचलं असतं असं वाटत नाही. तिनं मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी घरी सांगितलं की मी भरती होते.

१९ एप्रिलला सकाळी सातला नंदाताई, भाऊ आणि मी रुग्णालयात पोचलो. लुंबिनी आदल्या संध्याकाळपासून उपाशी होती. आठ वाजता तिला हिरवा गाऊन घालून ट्रॉलीवरून ऑपरेशन थिएटरच्या बाहेर आणून ठेवलं. तिच्या पुढे एकच रुग्ण होता. समोरच्या भिंतीवर गोल घड्याळ होतं. नऊ वाजले, दहा वाजले. दहाला तिचा चौथा पेपर सुरू झाला असणार. ती घड्याळाकडे बघत होती, मी तिच्याकडे.

साडेदहाच्या सुमाराला खाली एकाएकी गडबड सुरू झाली. हायवेवर एक बस उलटली होती. जखमींना घेऊन गाड्यांवर गाड्या येऊ लागल्या. ट्रॉल्या धावत होत्या. एका ट्रॉलीला जागा करायला लुंबिनीची ट्रॉली भिंतीशी सरकवली, मग आणखी एकीसाठी कोपऱ्यात नेली. त्या ट्रॉल्यांवरची माणसं बघून नंदाताईंनी डोळे मिटून घेतले. आम्ही कुणालाच काही विचारलं नाही. विचारायची लाज वाटत होती.

दीड वाजता एक तरुण डॉक्टर आला. त्याच्या बाह्यांवर रक्ताचे डाग होते. त्यानं हात जोडले, आणि म्हणाला की आज नाही होऊ शकणार, उद्या-परवाही नाही, सगळी थिएटरं भरली आहेत, तुम्हाला नवी तारीख घ्यावी लागेल. तो खरोखर दमला होता. त्याच्यावर रागवता येईना. बस उलटवणाऱ्या ड्रायव्हरवर रागवावं तर तोही आत टेबलावर होता.

लुंबिनी ट्रॉलीवर उठून बसली. सिस्टर मीनाक्षीनं तिला ज्यूसचं पाकीट आणून दिलं. तिनं स्ट्रॉ लावली, पण प्यायली नाही. म्हणाली, "एक वाजता पेपर सुटला असेल. मुली आता बसस्टॉपवर असतील."

राजारामभाऊ खिडकीशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

नवी तारीख ऑक्टोबरची मिळाली. चार पेपर बुडाले म्हणजे वर्ष बुडालं. तिच्या वर्गातल्या मुली जुलैमध्ये एम. एस्सी.ला गेल्या, दोघीतिघींना बँकांत आणि कंपन्यांत नोकऱ्या लागल्या. त्यांतल्या एकीचे पेढे आले, ते नंदाताईंनी आम्हाला आणून दिले. मी त्या दिवसांत समोरच्या घरी कमी जाऊ लागले. लुंबिनी मात्र रोज संध्याकाळी मयुराला शिकवायला येत होती, पूर्वीसारखीच. माझ्यावर ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

सप्टेंबरमध्ये तिला पुन्हा बारीक ताप येऊ लागला. तोंडात फोड आले. भरती झाल्यावर सर्जननी सगळ्या तपासण्या नव्यानं केल्या. तिला बेरियमचं पांढरं पाणी प्यायला देऊन लहान आतड्याचे फोटो काढले. चार दिवसांनी त्यांनी लुंबिनीला आणि भाऊंना समोर बसवलं आणि ते फोटो दिव्याच्या पेटीवर लावले. लहान आतड्यातही दोन ठिकाणी आजार होता. म्हणजे हा कोलायटिस नव्हता. पहिल्यापासून क्रोन्सच असणार, म्हणजे आतड्यात कुठेही होऊ शकणारा आजार, तेव्हा तसं स्पष्ट दिसलं नव्हतं, आणि सुरुवातीला असा चकवा बसतो, असं ते म्हणाले. क्रोन्समध्ये ते दुसरं ऑपरेशन करता येत नाही. केलं तर नवी जागाही पोखरली जाते. पिशवी आता कायमची.

भाऊंनी विचारलं की एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं असतं तर? सर्जन म्हणाले, झालं असतं तर बहुधा बिघडलं असतं. झालं नाही तेच बरं झालं.

लुंबिनीनं घरी आल्यावर हे मला स्वतः सांगितलं, बाल्कनीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढता काढता. जे ऑपरेशन तिच्यासाठी नव्हतंच, त्यासाठी तिनं वर्ष घालवलं होतं. आणि ते त्या दिवशी रद्द झालं म्हणून ती वाचली होती. यातल्या कशाचं वाईट वाटून घ्यायचं आणि कशाचे आभार मानायचे, तिला कळत नव्हतं. मी म्हटलं, मी तुला तेव्हा भलतंच सांगितलं. ती म्हणाली, "नाही काकू. मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी तुमच्याकडे आले. बाबांकडे गेले नाही." एवढं बोलून तिनं चिमटे डब्यात भरले आणि ती आत गेली. त्यानंतर महिनाभर ती आमच्याकडे आली नाही. मयुराला सांगितलं होतं की डोकं दुखतं.

त्या महिन्यात तिनं पुस्तकाला हात लावला नाही. भाऊ ऑफिसातून आले की टेबलावरची धूळ पुसायचे, वह्या सरळ करायचे, आणि तिला एका शब्दानं बोलायचे नाहीत. डिसेंबरात परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख आली. तिनं फॉर्म भरला. का भरला, हे मी विचारलं तेव्हा म्हणाली, न भरून काय करू?

२०००च्या एप्रिलमध्ये तिनं तिसऱ्या वर्षाचे सगळे पेपर दिले. नव्या मुलींमध्ये, शेवटच्या बाकावर. या वेळी पिशवी सुटली नाही, पण दोन पेपर तापात दिले. अठ्ठावन्न टक्के पडले. एम. एस्सी.च्या प्रवेशाला ते पुरले नाहीत. सांख्यिकी सेवेच्या परीक्षेचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप निघेनासं झालं. निकालाच्या दिवशी भाऊ मात्र पेढे घेऊन साऱ्या ब्लॉकमध्ये फिरले. आमच्याकडे आले तेव्हा म्हणाले, "वहिनी, चार वर्षं लागली. पण लुंबिनी ग्रॅज्युएट झाली."

त्याच वर्षाच्या शेवटी ते निवृत्त झाले, आणि क्वार्टर सोडून तिघं वसुंधराला राहायला गेले. संघपाल मानेसरला कारखान्याजवळ राहू लागला होता, त्याला वसुंधराहून रोजचं येणंजाणं शक्य नव्हतं. मी पुढच्या मे महिन्यात त्यांच्याकडे दोन दिवस राहायला गेले. नवी कोरी इमारत, चौथा मजला, लिफ्टच्या जागी नुसता खड्डा आणि त्यावर फळ्या. आजूबाजूला सगळीकडे अर्धवट उभे राहिलेले ब्लॉक आणि फ्लॅटच्या जाहिरातींच्या पाट्या. खोल्या क्वार्टरपेक्षा मोठ्या होत्या, हवेशीर होत्या. पण पाणी नव्हतं. बोअरचं पाणी खारट, ते अंगाला लावलं की लुंबिनीचं कातडं सोलवटायचं. गोडं पाणी टँकरनं यायचं, एक दिवसाआड. प्रत्येक घराला ठरावीक बादल्या.

मी गेले त्या दिवशी टँकर आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वीज नसल्यानं बोअरही बंद होता आणि घरात अर्धी बादली गोडं पाणी उरलं होतं. भाऊंनी त्या दिवशी दाढी केली नाही, नंदाताईंनी डाळ भिजवली नाही. मी तोंड धुतलं नाही, तर नंदाताई म्हणाल्या, ताई, पाहुण्या आहात, धुवा ना. लुंबिनी ती बादली घेऊन बाथरूममध्ये गेली. आतून पाणी ओतल्याचा आवाज यायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा तोच. एवढ्याशा पाण्यात तिला सगळं धुवायचं होतं. नंदाताई दाराबाहेर स्वच्छ टॉवेल धरून उभ्या होत्या. मी खिडकीतून टँकर दिसतो का बघत होते. रस्ता रिकामा होता.

लुंबिनी तेव्हा नोएडात एका सर्व्हे कंपनीत नोकरीला लागली होती. घरोघरच्या प्रश्नावल्यांचे आकडे कॉम्प्युटरवर भरायचं काम, कोण कुठला साबण वापरतं, कुणाकडे कुठल्या वर्षी फ्रिज आला. संख्याशास्त्राशी त्याचा संबंध एवढाच की आकडे होते. मुलाखतीत तिनं आजाराचं सांगितलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ती कुठे जाते याची तिथल्या मुली चेष्टा करतात, हे मला नंदाताईंकडून कळलं. डॉक्टरांनी लहान आतड्यातला खराब तुकडा काढायला सांगितलं होतं, पण नोकरी कायम होईपर्यंत रजा मिळणार नव्हती. कायम कधी करणार, ते कंपनी सांगत नव्हती.

नऊला ती तयार होऊन बाहेर आली. इस्त्रीचा कुर्ता, केस नीट विंचरलेले. मला म्हणाली, काकू, आज राहा, संध्याकाळी बोलू. मी आणि नंदाताई बाल्कनीत उभ्या राहिलो. खाली कोपऱ्यावर शेअर ऑटो थांबली होती. सहा जण आधीच बसलेले होते. लुंबिनीनं ड्रायव्हरला कडेची जागा मागितली असावी, त्यानं नाही म्हणून मान हलवली. ती पोटाच्या उजव्या बाजूला कोपर आडवं धरून, आत सरकून बसली. नंदाताई ऑटो वळेपर्यंत बघत राहिल्या आणि मग आत जाऊन रिकामी बादली टँकरसाठी दाराशी ठेवून आल्या.